इमारत वाचली, पण पाण्याचं काय?

'ऐतिहासिक वास्तूचे पर्यावरण शिक्षण केंद्रात रूपांतर : एक चिकित्सक अभ्यास.' पेटची तयारी करणाऱ्यांच्या वहीत या धाटणीचं एखादं शीर्षक हमखास सापडतं. कुणाचा किल्ला असतो, कुणाचा वाडा, कुणाचा नदीकाठचा घाट. शीर्षक दिसायला छान असतं. त्यात वारसा आहे, पर्यावरण आहे, शिक्षण आहे, वर 'चिकित्सक' हा शब्दही आहे. फक्त चिकित्सा नाही. रूपांतर चांगलंच असतं, हा निकाल शीर्षकातच लागलेला असतो, आणि पुढची अडीचशे पानं त्यावर शिक्का मारायला खर्ची पडतात.

म्हणून आज असं एक खरं केंद्र घेऊ आणि परीक्षकाच्या नजरेने वाचू. केंद्र अमेरिकेतलं आहे, फिलाडेल्फियातलं : फेअरमाउंट वॉटर वर्क्स. किनवटमध्ये बसून फिलाडेल्फियाच्या इमारतीला नावं ठेवायची, हे थोडं आगाऊपणाचं वाटेल. पण या इमारतीचा दोनशे वर्षांचा कागद उपलब्ध आहे, यशाचाही आणि फजितीचाही. आणि दुसरं कारण जवळचं आहे. आपल्या मराठवाड्यात तिच्या दोन भावंडं शोभतील अशा जागा आहेत : छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आणि नांदेडचा नंदगिरी किल्ला. किनवटच्या स्टेशनात नंदीग्राम एक्सप्रेसमध्ये बसलात तर ही दोन्ही गावं त्याच गाडीच्या वाटेवर लागतात.

आधी गोष्ट ऐका, कारण या गोष्टीतच सगळी समीक्षा दडलेली आहे.

1793 साली फिलाडेल्फियात पिवळ्या तापाची साथ आली. शहराची वस्ती पन्नास हजारांच्या आसपास, आणि सुमारे 5,000 माणसं गेली. लोकांनी ठरवलं की दोष घाणीचा आणि घाणेरड्या पाण्याचा. मग शहराने सार्वजनिक पाणीपुरवठा उभारायचं मनावर घेतलं. बेंजामिन लॅट्रोब या अभियंत्याच्या योजनेतून 1801 मध्ये स्कूलकिल नदीचं पाणी वाफेच्या इंजिनांनी उपसून लाकडी नळांतून घराघरांत जाऊ लागलं. आता गंमत बघा. पिवळा ताप पाण्यातून होतच नाही, तो डासांमुळे पसरतो. क्यूबातल्या कार्लोस फिनले यांनी 1881 मध्ये तसं मांडलं आणि 1900 च्या सुमारास वॉल्टर रीड यांच्या पथकाने प्रयोगांनी ते दाखवून दिलं. म्हणजे गृहीतक चुकलेलं, पण त्यातून झालेलं काम उपयोगाचं. संशोधन पद्धतीच्या पेपरात सहसंबंध आणि कारणसंबंध यांतला फरक विचारला की आपण आइस्क्रीम आणि बुडण्याच्या घटना हे तेच ते उदाहरण लिहितो. त्याऐवजी हे लिहा.

वाफेची इंजिनं महाग पडली, बिघडायची, लाकूड खायची. लॅट्रोबचा सहकारी फ्रेडरिक ग्राफ याने नदीकाठच्या फेअरमाउंट टेकडीच्या पायथ्याशी नवं केंद्र उभारलं. काम 1812 मध्ये सुरू झालं आणि 1815 मध्ये तिथून पाणी वर चढू लागलं. सुरुवातीला तिथेही वाफच होती. मग नदीवर बंधारा घातला, आणि 1822 मध्ये पाण्याच्या चाकांनी काम हाती घेतलं. पुढे टर्बाइन आल्या. म्हणजे नदीच्याच जोराने नदीचं पाणी टेकडीवरच्या तलावात चढवायचं आणि तिथून उताराने शहरात सोडायचं. यंत्रं ज्या इमारतीत होती तिला ग्रीक देवळासारखे खांब. लोक सहलीला येत. 1842 मध्ये चार्ल्स डिकन्स येऊन गेला आणि त्याने प्रवासवर्णनात या जागेचं कौतुक केलं. टेकडीवरच्या त्या तलावाच्या जागी आज शहराचं कलासंग्रहालय उभं आहे.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही माहितीफलकावर मावते. आपल्याकडच्या फलकांवर तर एवढीच मावते : कोणी बांधलं, कधी बांधलं, किती खर्च आला, तंत्रज्ञान किती थोर. पुढचा भाग मात्र फलकवाल्यांना अडचणीचा असतो.

बंधारा घातला आणि समुद्रातून नदीत अंडी घालायला येणारा शॅड मासा अडला. तो आपल्या हिलशाच्या जातकुळीतला. आपल्या गोदावरीचं खालचं टोक आठवा : आंध्रात ज्याला पुलसा म्हणतात तो हिलसा धवळेश्वरमच्या धरणापाशी असाच अडतो, ते धरण 1852 मध्ये पुरं झालेलं. दुसरी अडचण वरच्या अंगाला होती. स्कूलकिलच्या वरच्या खोऱ्यात कोळशाच्या खाणी, गिरण्या आणि वस्त्या वाढत होत्या, आणि सगळ्यांची घाण नदीत. पाणी राखायचं म्हणून शहराने 1844 पासून काठच्या जमिनी विकत घ्यायला सुरुवात केली. आजचं फेअरमाउंट पार्क त्यातूनच वाढलं. पाणलोट वाचवण्यासाठी जमीन राखण्याचा हा फार जुना प्रयत्न आहे. आणि तो अपुरा ठरला, कारण शहराची सत्ता शहराच्या वेशीपर्यंत आणि नदी मात्र वेशीबाहेरून येणारी. टायफॉइड वाढत गेला. शेवटी शहराने वाळूतून पाणी गाळणारी मोठी केंद्रं दुसरीकडे बांधली आणि 1909 मध्ये फेअरमाउंट बंद केलं. गाळलेलं पाणी मिळू लागल्यावर टायफॉइड झपाट्याने उतरला.

म्हणजे ही इमारत जुनी झाली म्हणून बंद पडली नाही. जी नदी उपसायला ती उभी होती, ती नदी पिण्यालायक राहिली नाही म्हणून बंद पडली.

त्यानंतर तिथे 1911 मध्ये मत्स्यालय झालं, ते 1962 पर्यंत चाललं. मग पोहण्याचा तलाव, तोही 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला संपला. 1976 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला, तेव्हा इमारत जवळपास रिकामीच होती. पुढे दुरुस्ती होत गेली आणि 2003 मध्ये आतल्या जुन्या यंत्रघरात पर्यावरण शिक्षणाचं केंद्र उघडलं. चालवतं कोण, तर शहराचं पाणी खातं.

आता समीक्षा. माझ्या मते या केंद्राचं खरं बळ खांबांत नाही. हे केंद्र स्वतःच्या इमारतीचा पराभव विषय म्हणून वापरतं, हे त्याचं बळ. मुलांना यंत्रघरात उभं करून विचारता येतं की ही यंत्रं का थांबली, आणि उत्तर खिडकीबाहेर वाहत असतं. वास्तूचा उपयोग आणि शिकवण्याचा विषय एकच. ग्रंथालयाच्या इमारतीत तेच प्रदर्शन लावलं असतं तर ती फक्त चित्रं झाली असती. फ्रीमन टिल्डन यांचं 1957 चं पुस्तक वारसास्थळांच्या अर्थनिर्णयनात आजही पायाभूत धरतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की पाहुण्याला माहिती देऊन काम भागत नाही, त्याला विचार करायला डिवचावं लागतं. फेअरमाउंट डिवचतं.

दुसरं, तिथे खरं काम चालतं. 2017 पासून केंद्रात गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांची पैदास करणारी छोटी प्रयोगशाळा आहे. शिंपले पाणी गाळतात, नदीतून ते जवळजवळ नाहीसे झाले होते, म्हणून ते वाढवून पुन्हा सोडायचे. बंधाऱ्याच्या पलीकडच्या काठाला 1979 मध्ये माशांसाठी पायऱ्यांचा मार्ग केला गेला, शॅडला वर चढता यावं म्हणून. मुलं येतात तेव्हा नुसती तक्त्यावरची अन्नसाखळी बघून जात नाहीत. कोणीतरी शिंपले मोजत असतं, आणि आकडा गेल्या वर्षीपेक्षा कमी येण्याची शक्यता असते. हरण्याची शक्यता असलेलं काम मुलांनी बघणं, याला मी शिक्षण म्हणेन.

पण दोन गोष्टी मला खटकतात, आणि तुम्ही परीक्षक असाल तर याच विचाराल.

पहिली, केंद्र चालवतंय कोण? फिलाडेल्फियाच्या सुमारे 60 टक्के भागात सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच गटारातून जातं. मोठा पाऊस झाला की दोन्ही मिळून नदीत सांडतं. ती गटारं ज्या खात्याची, त्याच खात्याचं हे शिक्षण केंद्र. खात्याने 2011 मध्ये यावर पंचवीस वर्षांची योजना हाती घेतली आहे : झाडांचे खड्डे, पाझरणारे रस्ते, छतांवरचं पाणी अडवणं. योजना चांगली आहे. पण प्रदर्शनात नागरिकाने काय करावं याला किती जागा आणि खात्याने काय करायचं राहिलंय याला किती, हे मोजायला हवं. कुणी खरंच भिंतीवरचा मजकूर घेऊन वाक्यांचा कर्ता मोजला, 'तुम्ही' किती वेळा, 'आम्ही' किती वेळा, तर छोटा पण नेटका आशय-विश्लेषणाचा अभ्यास होईल. हेच तुमच्या जवळच्या कुठल्याही निसर्ग पर्यटन केंद्रातल्या फलकांवर करून बघा. 'प्लास्टिक टाकू नका' हे वाक्य किती वेळा येतं आणि वरच्या नाल्याचं नाव किती वेळा, एवढं मोजलं तरी पुरे.

दुसरी गोष्ट पुराची. सप्टेंबर 2021 मध्ये आयडा वादळाच्या पावसाने स्कूलकिलला प्रचंड पूर आला आणि केंद्रात पाणी शिरलं. नदीकाठची इमारत, तीही खालच्या पातळीवरचं यंत्रघर, म्हणजे पूर येणारच. इथे जतन करणाऱ्यांचा आणि शिक्षण देणाऱ्यांचा हिशोब वेगळा होतो. जतनवाला म्हणतो, ओल आत येऊ देऊ नका. शिक्षक म्हणेल, पुराची रेघ भिंतीवर राहू द्या. मी शिक्षकाच्या बाजूने आहे, पण महागडी पडदे-यंत्रणा जमिनीलगत बसवणाऱ्याच्या बाजूने अजिबात नाही. आपल्याकडे नदीकाठी काही करायचं म्हटलं की टचस्क्रीन आणि दिव्यांचा झगमगाट अंदाजपत्रकात पहिला येतो. गोदावरीचा पूर पाहिलेल्या माणसाला विचारून अंदाजपत्रक करावं.

आता आपल्याकडे येऊ. पाणचक्की बघितलेली असेलच, निदान शाळेच्या सहलीत. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याचं आवार, महमूद दरवाजा, शेजारी खाम नदी. भिंतीच्या उंचीवरून कोसळणारी पाण्याची चादर, खाली हौद, आणि लोखंडी पंख्याच्या पात्यांवर झोत पडून फिरणारं जातं. यात्रेकरू, फकीर, गोरगरीब यांच्यासाठी इथे पीठ दळलं जाई. हौदाच्या तळाखाली दालन आहे. वर पाणी असल्यामुळे ते उन्हाळ्यातही गार राहतं. बांधकाम टप्प्याटप्प्याने झालं, 18 व्या शतकाच्या मध्यापर्यंत. तुर्कताज खान आणि जमील बेग खान ही नावं मार्गदर्शक सांगतातच.

पण मार्गदर्शकाला एक प्रश्न विचारा. चक्की नदीच्या काठावर आहे, मग नदीचं पाणी का वापरलं नाही? शेजारून खाम वाहते आणि पाणी मात्र आणलंय उत्तरेकडच्या डोंगरपायथ्यापासून, कित्येक किलोमीटर जमिनीखालच्या नहरीतून. उत्तर सोपं आणि सुंदर आहे. नदी खाली आहे. पाणी भिंतीच्या माथ्यावरून पाडायचं तर ते त्याहून उंच जागेवरून निघालं पाहिजे, आणि वाटेत उंची न गमावता बंद नळाने आलं पाहिजे. पाणी आपल्या मूळ पातळीपर्यंत परत चढतं, हे नववीच्या पुस्तकातलं तत्त्व इथे दगडात उभं आहे. शिवाय डोंगरपायथ्याला मुरलेलं भूजल वस्तीतून वाहत येणाऱ्या पाण्यापेक्षा स्वच्छ. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली आणि त्यानंतर काही वर्षांत नहर-ए-अंबरी केली, तेव्हापासून या शहराच्या पाण्याची रीत ही अशीच होती.

म्हणजे पाणचक्की नदीकाठी असूनही तिचं नशीब नदीशी बांधलेलं नाही, ते डोंगरातल्या पाण्याच्या मुरण्याशी बांधलेलं आहे. तिचं आणि फेअरमाउंटचं दुखणं वेगळं. फेअरमाउंटला नदी बिघडल्याने मरण आलं. नहरीचं पाणी घटलं तर कारण शोधायला हर्सूल-जटवाड्याच्या अंगाला जावं लागेल : कुठे पाया खणला, कुठे बोअर पाडली, नहरीची कुठली झडपविहीर कुणाच्या अंगणात गेली. पाणचक्कीवर पर्यावरण केंद्र करायचं म्हणून कुणी फक्त खामच्या प्रदूषणाचे तक्ते लावले, तर तो इमारतीचा विषय चुकला असं समजा. खामचा विषय मोठा आहेच. 2021 पासून महापालिका, छावणी परिषद आणि काही संस्था मिळून नदीच्या पुनरुज्जीवनाचं काम करताहेत. पण भिंतीच्या एका बाजूला खाम आणि दुसऱ्या बाजूला नहरीचं पाणी, ही जोडीच खरी शिकवण आहे. शहराने एक पाणी जपायला दुसरं कसं वापरलं, आणि शेवटी दोन्हींचं काय झालं. असा एकाच भिंतीच्या दोन्ही बाजूंचा धडा फिलाडेल्फियालाही नाही.

आणि इथे 'रूपांतर' हा शब्द अडकतो. पाणचक्की रिकामी नाही. तो दर्गा आहे, तिथे लोक प्रार्थनेला येतात, मालमत्ता वक्फची आहे, वक्फ मंडळाचं कार्यालय त्याच आवारात. 1964 ची व्हेनिस सनद सांगते की वास्तूला समाजोपयोगी वापर मिळाला तर जतन सोपं होतं, पण त्या वापराने तिची रचना बदलता कामा नये. वापर आहेच की इथे! मग तुमचा प्रबंध कोणाला उठवून कोणाला बसवणार? 'पुनर्वापर' या विषयावरचं बरंचसं लेखन बंद गिरण्या, बंद गोद्या, बंद पंपघरं यांच्यावर आहे. ते आपल्याकडे उचलून आणताना आधी बघायचं की आपली वास्तू बंद आहे का. पाणचक्कीसाठी माझं मत असं की केंद्र नकोच. नहरीचा एक चांगला नकाशा, दर महिन्याला चादरीच्या धारेची नोंद, आणि त्या नोंदीचा फळा हौदाच्या बाजूला टांगलेला असावा. मे महिन्यात आलेल्या मुलाला नोव्हेंबरचा आकडा शेजारी दिसला पाहिजे. याला इमारतीला एक खिळाही मारावा लागत नाही. फारतर फळ्यापुरता एक.

नंदगिरीची गोष्ट वेगळी आणि फेअरमाउंटच्या जास्त जवळची. नांदेडचा हा किल्ला गोदावरीने तीन बाजूंनी वेढलेला, आणि आत बाग आणि चक्क पाणीपुरवठ्याची यंत्रणा. पर्यटनाच्या माहितीत ही यंत्रणा अशी येते की जणू चुकून किल्ल्यात शिरली आहे. मला उलट वाटतं. बुरूज बघायला लोक आपल्याकडे शंभर ठिकाणी जातात. किल्ल्यात शहराचं पाणीघर ही त्याची खरी ओळख. 2008 मध्ये गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला नांदेडच्या नदीकाठावर पुष्कळ काम झालं, घाट झाले, रस्ते झाले. काठ सुधारला. पण शहराचे नाले त्याच नदीला मिळतात, आणि शहराच्या पाण्याची भिस्त वरच्या बाजूच्या विष्णुपुरी जलाशयावर. शहर वरून चांगलं पाणी घेतं आणि खाली वापरलेलं सोडतं, आणि किल्ला मधोमध उभा राहून हे बघतो. इथे केंद्र होऊ शकतं. तेव्हाही पहिला प्रश्न तोच विचारा : चालवणार कोण, आणि स्वतःच्या नाल्याचा आकडा तो स्वतःच्या भिंतीवर लावणार का? विद्यापीठ विष्णुपुरीलाच आहे. नमुने घ्यायला प्रयोगशाळा आहे, विद्यार्थी आहेत. आकडे लावायचं काम विद्यापीठाकडे आणि इमारत सांभाळायचं काम महापालिकेकडे, अशी विभागणी मला जास्त विश्वासाची वाटते.

आता तुमच्या कामाचं. यावर पीएचडी करायचीच असेल तर 'परिणामकारकता' मोजायच्या आधी जरा थांबा. नेहमीचा आराखडा काय असतो? भेटीआधी वीस प्रश्न, भेटीनंतर तेच वीस प्रश्न, टी-टेस्ट, पी 0.05 पेक्षा कमी, निष्कर्ष : जनजागृती झाली. अरे, तासाभरापूर्वी विचारलेला प्रश्न पुन्हा विचारला तर गुण वाढणारच. त्यात गुरुजी शेजारी उभे. आणि 'नदी स्वच्छ ठेवली पाहिजे का?' या प्रश्नाला नाही म्हणणारं मूल मला अजून भेटलेलं नाही. 1977 च्या तिबिलिसी परिषदेने पर्यावरण शिक्षणाची उद्दिष्टं मांडताना जाणीव हे पहिलं ठेवलं, पण पुढे ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभागही सांगितले. आपले प्रबंध पहिल्याच पायरीवर फतकल मारून बसतात. जाणीव आणि वर्तन यांच्यातली दरी का पडते यावर कोलमुस आणि अग्येमन यांचा 2002 चा लेख आहे. तो वाचल्याशिवाय प्रश्नावली छापू नका.

त्याऐवजी मुलाला कोरा कागद द्या आणि म्हणा, तुझ्या घरी पाणी कुठून येतं आणि वापरलेलं कुठे जातं ते काढ. भेटीआधी एक चित्र, आणि भेटीनंतर तीन महिन्यांनी एक. गुण देण्याची पट्टी आधी ठरवा, दोन वेगळ्या व्यक्तींकडून गुण द्या आणि त्यांचं किती जुळतं ते कापा काढून सांगा. एक गट इमारत बघेल, एक गट फक्त नदीकाठ चालेल, एक गट वर्गातच राहील. इमारतीमुळे काही वाढतं का, हे दुसऱ्या गटाशिवाय कळणारच नाही. बहुतेक प्रबंधांत नेमका हाच गट नसतो. आणि निकाल 'इमारतीने काही फरक पडला नाही' असा आला तर तो लपवू नका. त्या निकालावरून उद्या कुणाचा तरी कोट्यवधींचा निधी योग्य जागी जाईल.

सॅम्पलबद्दल एक. चार शाळा, प्रत्येकी पन्नास मुलं, म्हणून एन बरोबर 200 असं लिहू नका. एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात : तेच शिक्षक, तोच नाला, तेच गाव. वर्गांतर्गत सहसंबंध फक्त 0.1 धरला तरी पन्नासच्या गटाला डिझाइन इफेक्ट 5.9 येतो. 200 ला 5.9 ने भागा. हातात उरतात सुमारे 34. व्हायवाला हा प्रश्न आला की भल्याभल्यांचा घसा कोरडा पडतो. मुलं वाढवण्यापेक्षा शाळा वाढवा. वर्गातली दहा-दहा मुलं घेऊन वीस शाळा केल्यात तर तीच 200 मुलं शंभराहून जास्त मोलाची होतात. फेऱ्या वाढतील, एसटीचा पास काढा.

आणि सगळ्यांनी नांदेड-संभाजीनगरकडेच धावायला हवं असंही नाही. आपल्या किनवट तालुक्यात पैनगंगेच्या काठी उनकेश्वर आहे. जुनं देऊळ, गंधकाचा वास असलेली गरम पाण्याची कुंडं, त्वचेच्या आजारांवर उतार पडावा म्हणून येणारी माणसं. कधीतरी तिथेही 'केंद्रा'चा प्रस्ताव येईल, संगमरवरी फरशी आणि कारंज्यासकट. तेव्हा प्रस्तावावर बोलायला कुणाकडे तरी आधीच्या नोंदी असायला हव्यात : कुंडाचं तापमान पहाटे किती, दुपारी किती, पैनगंगा भरलेली असताना किती आणि आटलेली असताना किती, रोज किती माणसं उतरतात, कुंडातून बाहेर जाणारं पाणी कुठे मिळतं. यासाठी पेट पास व्हावं लागत नाही. थर्मामीटर, घड्याळ आणि वही एवढ्यावर काम सुरू होतं, फक्त पावसाळ्याआधीच्या निदान चार फेऱ्या चुकवू नका, कारण नदी चढल्यावरच्या आकड्यांना तुलना करायला तेच आकडे लागणार आहेत.